कवीच्या हाती कोयता

इटलीतील फ्लोरेन्स नगराचा कवी दान्ते आलिग्येरी याने चौदाव्या शतकाच्या आरंभी एक प्रचंड काव्य रचले. त्याचा पहिला खंड नरकाचा. या काव्याचा नायक कवी स्वतःच आहे. १३०० सालच्या ईस्टरच्या सुमारास, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो एका अंधाऱ्या रानात वाट चुकतो आणि रोमन कवी व्हर्जिल याचा हात धरून नरकाची नऊ वर्तुळे उतरत जातो. त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी, २०१० च्या फेब्रुवारीत, कॅलिफोर्नियातील व्हिसेरल गेम्स या मंडळींनी त्या काव्यावर बेतलेला एक व्हिडिओ गेम तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने तो बाजारात आणला. या खेळाचाही नायक दान्तेच आहे. फरक एवढाच, की काव्यातला दान्ते रिकाम्या हाताने नरकात उतरतो आणि खेळातल्या दान्तेच्या हाती लांब दांड्याचा एक कोयता आहे. ‘एवढाच’ असे मी म्हटले खरे; परंतु या एका कोयत्याने काय काय कापले गेले, त्याचा हिशेब मांडावयाचा म्हणूनच हा लेख लिहावयास बसलो आहे.

प्रथम खेळाची हकीकत सांगतो. पुण्यास माझ्या भाच्याकडे खेळाचे जुने यंत्र आहे. त्यावर त्याने तो मला दोन संध्याकाळी खेळून दाखविला. खेळातला दान्ते हा कवी नाही, क्रुसेडर आहे. तिसऱ्या धर्मयुद्धात, ११९१ च्या आक्रे नगराच्या वेढ्यात, तो लढत असतो. तेथे त्याच्या पाठीत सुरा बसतो आणि प्रत्यक्ष मृत्यू त्याला न्यावयास येतो. हा गडी मृत्यूशीच झुंजतो, त्याला हरवतो आणि त्याचा कोयता हिसकावून घेतो. मग तो घरी फ्लोरेन्सला परततो, तो बेआत्रिचेचा खून झालेला. तिचा आत्मा सैतान घेऊन चाललेला. तिला सोडविण्यासाठी हा नरकात उतरतो आणि मार्गात जो भेटेल त्याला कापीत सुटतो. न्यायाधीश मिनॉस, तीन तोंडांचा कुत्रा सर्बेरस, क्लिओपात्रा, एवढेच काय, स्वतःचा बापसुद्धा! शेवटी सैतानाशी सामना. व्हर्जिल आहे, पण अधूनमधून दिसणारा आणि चार वाक्ये बोलून विरून जाणारा. खेळाडूला त्याचे ऐकावयास सवड नसते. समोरून राक्षस येत असतात.

आता खऱ्या दान्तेकडे वळू. त्याचा जन्म १२६५ चा, म्हणजे आक्रेच्या वेढ्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. बेआत्रिचे त्याची वाग्दत्त वधू नव्हती. ती दुसऱ्याची पत्नी होती आणि १२९० साली वारली. दान्तेचे लग्न जेम्मा दोनाती हिच्याशी झाले होते. मग हा क्रुसेडर आला कोठून? त्याचे मूळ काव्यातच आहे. तिसऱ्या खंडात, स्वर्गात, कवीला त्याचा खापरपणजा काच्चाग्वीदा भेटतो. दुसऱ्या धर्मयुद्धात त्याला मरण आले होते. खेळ रचणाऱ्यांनी पूर्वजाचा वेश उतरवून वंशजाच्या अंगावर चढविला, असेच म्हणावे लागेल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. लढाई म्हणजे काय हे दान्तेला ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. ११ जून १२८९ रोजी काम्पाल्दिनोच्या रणांगणावर तो फ्लोरेन्सच्या घोडदळात होता. माणसे कशी कापली जातात हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तरवार हातात धरलेल्या या माणसाने जेव्हा स्वतःला नरकात नेले, तेव्हा तरवार मात्र बाहेर ठेवली. हे सहज घडलेले नाही. त्याच्या नरकात शस्त्राचा उपयोगच नाही, कारण तेथे जे चालले आहे ते शिक्षेचे काम आहे, आणि ती शिक्षा देणारा तो नव्हे.

काव्यातला दान्ते काय करतो? तो चालतो, विचारतो आणि ऐकतो. तो भितो, तर फारच भितो. एका नगरीच्या दारावर सैतानाचे चाकर वाट अडवितात, तेव्हा व्हर्जिलसुद्धा हताश होतो आणि स्वर्गातून दूत येऊन ते दार उघडतो. सार्वजनिक पैसा खाणाऱ्यांना उकळत्या डांबरात बुडवून ठेवले आहे, तेथे तर हा कवी चक्क एका खडकाआड दडून बसतो. त्या दडून बसण्यामागे एक बोचरी आठवण आहे. १३०२ च्या जानेवारीत फ्लोरेन्सच्या विरोधी पक्षाने त्याच्यावर ठेवलेला आरोप नेमका हाच होता: अधिकारपदावर असताना पैसा खाल्ल्याचा. दंड आणि हद्दपारी अशी शिक्षा झाली. तो हजर झाला नाही, तेव्हा १० मार्च रोजी दुसरा निकाल लागला: सापडला तर जिवंत जाळावा. मरेपर्यंत, म्हणजे १३२१ पर्यंत, त्याने आपल्या गावाची वेस पुन्हा ओलांडली नाही. जाळण्याची शिक्षा डोक्यावर असलेला माणूस जळणाऱ्यांची हकीकत लिहीत होता, हे ध्यानात ठेवूनच हे काव्य वाचावे लागते.

पण म्हणून दान्तेला संत ठरविण्याचे कारण नाही. चिखलात लडबडलेला आपला एक जुना वैरी दिसताच त्याला आणखी बुडवावे अशी इच्छा तो बोलून दाखवितो. तळाच्या बर्फात गोठलेल्या एका देशद्रोह्याचे केस तो उपटतो. दुसऱ्या एकाच्या डोळ्यांवरचे बर्फ काढून देण्याचे वचन देतो आणि मोडतो. खेळ करणाऱ्यांना क्रौर्य बाहेरून आणावे लागले नाही. ते काव्यात होते. परंतु त्याच काव्यात, वादळात पानांसारखी भिरभिरणारी फ्रांचेस्का आपल्या प्रेमाची कथा सांगते आणि ती ऐकून हाच माणूस मूर्च्छित पडतो. भविष्य सांगणाऱ्यांच्या माना पाठीकडे पिळलेल्या पाहून तो रडतो, आणि व्हर्जिल त्याला रागे भरतो. दया करावी की करू नये, हा झगडा त्याच्या मनात वरच्या वर्तुळापासून तळापर्यंत चालू आहे. या काव्यातील खरी लढाई म्हणावयाची तर हीच.

यावर कोणी म्हणेल, की काव्याचे रूपांतर झाले की एवढे होणारच. ते मला मान्य आहे. दान्तेच्या हातची एक ओळही आज शिल्लक नाही. जे आले ते इतरांच्या नकलांतून. अशी आठशेहून अधिक हस्तलिखिते जगभर आहेत, आणि त्यांतले एक जुने हस्तलिखित आपल्या मुंबईत, टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्याकडून ते सोसायटीला मिळाले, असे सांगतात. १३७३ साली बोकाच्चिओने या काव्यावर फ्लोरेन्समध्ये जाहीर व्याख्याने दिली. ज्या नगराने कवीला जाळावयाचे ठरविले होते, त्याच नगराने त्या व्याख्यानांचा खर्च सोसला! पुढे बोत्तिचेल्लीने चित्रे काढली. १८६१ साली फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरे याने नरकखंडाची जी चित्रे प्रसिद्ध केली, त्यांनी तर युरोपच्या डोळ्यांपुढे नरकाचा नकाशाच पक्का करून टाकला. १८८० पासून शिल्पकार रोदाँ नरकाच्या दरवाजावर वर्षानुवर्षे खपला. १९११ साली इटलीत या खंडावर तासाभराहून मोठा मूकपट निघाला, तो दोरेच्या चित्रांवरूनच.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. काव्याचे खंड तीन: नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग, सर्ग शंभर, नरकाच्या वाट्याला त्यांतले चौतीस. परंतु लोकांनी उचलला तो बहुधा नरकच. स्वर्गाचा दरवाजा घडविण्याची फर्माईश रोदाँला कोणी केली नाही. खेळ करणाऱ्यांनी नरकच निवडला, यात नवल ते काय? आपल्याकडे भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची यादी दिलेली आहे. कीर्तनात ती निघाली की पेंगणारे श्रोते सावरून बसतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तेव्हा नरकाची ओढ हा अमेरिकेचा दोष म्हणता येत नाही.

या खेळाची जाहिरातही मोठी मासलेवाईक होती. २००९ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिस येथील खेळांच्या प्रदर्शनाबाहेर काही धार्मिक मंडळी फलक घेऊन या खेळाचा निषेध करीत उभी राहिली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. मागाहून उघड झाले, की हे निषेधक कंपनीनेच पैसे देऊन उभे केले होते. लोभाच्या वर्तुळाची जाहिरात म्हणून खेळांच्या काही समीक्षकांना दोनशे डॉलरचे धनादेश पाठविण्यात आले: वटविला तर तुम्ही लोभी, न वटविला तर उधळे. दान्तेच्या आठव्या वर्तुळात कपटाचे दहा खंदक आहेत. सोंग काढून लोकांना फसविणाऱ्यांना त्यांत जागा आहे. चौतीसपैकी तेरा सर्ग त्याने या एका वर्तुळाला दिले, कारण फसवणुकीची रूपे अनेक असतात हे त्या राजकारणी नगराच्या माणसाला पुरते ठाऊक होते. खेळात मात्र हे वर्तुळ म्हणजे ठरावीक अटी पाळून शत्रू मारण्याच्या दहा परीक्षा आहेत, एकामागून एक, जवळजवळ सारख्या.

असे असूनही एका बाबतीत मला हा खेळ टाकाऊ वाटला नाही. वाटेत काही प्रसिद्ध पापी भेटतात: पॉन्टियस पायलट, फ्रांचेस्का, उगोलिनो. त्यांच्यापुढे खेळाडूला दोन वाटा असतात. शिक्षा करा, किंवा मुक्ती द्या. एक बटन दाबले की कोयता चालतो. दुसरे दाबले की क्रूस उजळतो, त्या जिवाची पापे पडद्यावर तरंगत येतात, ती नेमक्या क्षणी झेलावी लागतात, आणि तो जीव सुटतो. या पाप्यांत ब्रुनेत्तो लातीनीही आहे. हे नाव ऐकताच मी भाच्याला थांबविले.

ब्रुनेत्तो हा दान्तेचा गुरू. फ्लोरेन्सचा कारभारी, विद्वान. हद्दपारीत असताना याने फ्रेंच भाषेत एक ज्ञानकोश लिहिला होता. काव्याच्या पंधराव्या सर्गात आगीचा पाऊस पडणाऱ्या वाळवंटात तो दान्तेला भेटतो. अंग भाजून चेहरा ओळखू येत नाही. कवी दगडी बांधावरून चालला आहे, गुरू खाली तापलेल्या वाळूतून त्याच्या झग्याच्या काठाशी चालतो आहे. खाली उतरण्याचे धैर्य शिष्याला होत नाही, म्हणून तो मान लववून चालतो. आपल्याप्रमाणे इटालियन भाषेतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे. नरकातल्या बहुतेकांना दान्ते ‘तू’ म्हणतो. फार थोड्यांना ‘तुम्ही’ म्हणतो, त्यांत हा एक. मनुष्य मेल्यावरही कशाने उरतो ते तुम्ही मला शिकविले, असे ऋण तो कबूल करतो. गुरू क्षणभर थांबला तर त्याला शंभर वर्षे हात न हलविता त्या आगीखाली पडून राहावे लागेल. म्हणून बोलणे चालता चालताच. शेवटी गुरू एवढेच मागतो, की माझ्या ग्रंथाची आठवण ठेव. आणि शर्यतीत धावणाऱ्यासारखा धावत निघून जातो.

ही हकीकत मी भाच्याला सांगितली. कॉलेजची पायरी मी चढलो नाही; मॅट्रिकच्या इंग्रजीवर लाँगफेलोचे भाषांतर अडखळत वाचले, आणि त्या सर्गापाशी मात्र अडखळलो नाही. भाचा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “मामा, पण गुरूला नरकात टाकलं कुणी? तुमच्या कवीनंच ना? आणि वर मान लववून नमस्कार! मी तर एक बटन दाबून त्याला सोडवला. तुम्हीच सांगा, चांगला शिष्य कोण?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मास्तरकी करणाऱ्या माणसाने तर नाहीच. मी त्याला जे उत्तर दिले ते येथे थोड्या विस्ताराने मांडतो.

खेळातली मुक्ती फुकट नाही आणि निरपेक्षही नाही. शिक्षा केली तर अपवित्र शक्तीचे गुण मिळतात, मुक्ती दिली तर पवित्र शक्तीचे. शिवाय गोळा केलेले आत्मे हेच तेथले चलन. ते मोजून नवे डाव विकत घ्यावयाचे आणि पुढच्या वर्तुळात अधिक जोराने कापावयाचे. गुरूला सोडविणारा शिष्य गुरूकडे पाहत नाही; तो आपल्या गुणांकडे पाहतो. दया आणि क्रौर्य दोन्ही एकाच टांकसाळीत पाडली, की त्यांत निवड करण्याजोगे काय उरते? काव्यात दान्तेला गुरूकडून काहीच मिळावयाचे नाही आणि गुरूला त्याच्याकडून सुटका मिळावयाची नाही. तरी तो पावले मंद करून ऐकतो.

राहता राहिला निवाड्याचा प्रश्न. होय, गुरूला तेथे ठेवले ते दान्तेनेच. ज्या न्यायावर त्याची श्रद्धा होती, त्या न्यायापुढे स्वतःच्या गुरूला त्याने वगळले नाही. ज्या मुलावर आपला जीव आहे, त्याच्या उत्तरपत्रिकेवर लाल पेन्सिल चालविताना हात जड होतो, पण गुण वाढवून देता येत नाहीत. आणि गुण कमी दिले म्हणून जीव आटतो असेही नाही. निवाडा आणि माया ही दोन्ही एका छातीत नांदविणे फार कठीण. बटनामुळे नेमकी तीच अडचण नाहीशी होते.

महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरक दाखविला जातो. तेथे भावांचे व द्रौपदीचे आक्रोश त्याच्या कानी पडतात. तो कोणाला सोडवू शकत नाही. तो फक्त म्हणतो, मी येथेच थांबतो. ज्या दुःखावर आपला उपाय चालत नाही, त्याच्याजवळ थांबणे हेही एक कर्म आहे, हे व्यासांनी जाणले होते आणि दान्तेनेही. लाँगफेलोची पत्नी १८६१ साली कपड्यांना आग लागून वारली; ती विझविताना तो स्वतः भाजला, पण तिला वाचवू शकला नाही. त्यानंतरच्या वर्षांत तो या काव्याच्या भाषांतरात बुडून गेला आणि १८६७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या खेळाबरोबर २०१० साली दुकानांत जे पुस्तक ठेवले गेले, त्यात भाषांतर त्याचेच होते, आणि वेष्टनावर कोयतेवाला योद्धा!

दान्तेला स्वतःला मुक्तीचे बटन एकदा देऊ केले गेले होते. १३१५ साली फ्लोरेन्सने हद्दपारांना माफी जाहीर केली. अट अशी, की दंडाचा काही भाग भरावा आणि अपराधी म्हणून विधिपूर्वक देवळात उभे राहावे. त्याचे वय पन्नास होते. परक्यांच्या दारी भाकरी खाऊन तेरा वर्षे झाली होती. त्याने पत्र लिहून ही माफी नाकारली. आपण जो अपराध केला नाही, त्याची क्षमा पैसे मोजून घेणे त्याला मान्य नव्हते. त्याच वर्षी त्याची शिक्षा पुन्हा कायम झाली आणि तीत त्याच्या मुलांनाही गोवण्यात आले. क्षमा हे नाणे झाले की ती क्षमा राहत नाही, हे त्याने आपल्या उरलेल्या आयुष्याची किंमत देऊन सांगितले.

त्या नगराने पुढे काय केले? २००८ च्या जूनमध्ये फ्लोरेन्सच्या नगरसभेने दान्तेवरील शिक्षा रद्द करण्याचा ठराव मंजूर केला. सातशे सहा वर्षांनी बटन दाबले गेले. सांता क्रोचे येथे त्यांनी १८२९ पासून त्याची भव्य समाधी बांधून ठेवली आहे, पण ती रिकामी आहे. त्याच्या अस्थी रावेन्नात आहेत, जेथे त्याने देह ठेवला तेथे. रावेन्नाने त्या परत दिल्या नाहीत. तेथल्या दिव्याला लागणारे तेल मात्र दरवर्षी सप्टेंबरात फ्लोरेन्सहून जाते.

खेळाचे सांगावयाचे तर तो शुद्धिलोकाच्या पर्वताच्या पायथ्याशी येऊन थांबला. पुढचा भाग येणार असे शेवटी सुचविले होते. तो आला नाही, आणि २०१७ साली ती खेळ करणारी संस्थाच बंद झाली. यात मला आनंद नाही. कारण पर्वत चढावयाचा असता, तर तेथे कोयत्याचे काय करावयाचे, हे त्या हुशार मंडळींना ठरवावेच लागले असते. त्या चढणीवर मारण्यासारखे कोणी नाही. तेथे ज्याने त्याने आपले ओझे आपणच वाहावयाचे आहे, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण एवढेच मागतो, की परत गेलास तर माझ्या माणसांना माझी आठवण दे.